अठरा नंबरचा सत्कार

नारळ मिळाला नाही, म्हणून अननस.

*

फुनाबोरीतल्या एका इमारतीच्या गॅलरीत पांढरा शर्ट वाळतोय. पाठीवर निळ्या आकड्यांत अठरा. दोन्ही कुशींची शिवण उसवलेली. आत दडलेलं कापड बाहेर आलंय, ते अजून नवंकोरं आहे.

*

सत्तावीस वर्षांपूर्वी पुण्यात एका अंपायरने हात आडवा केला.

*

"मुझुकाशीई," हिरोसे-सान म्हणाले आणि पुन्हा सूप पिऊ लागले.

*

गुडघ्याचा पट्टा. काळा. सगळ्यांत मोठं माप. पाकिटावर जिना चढणाऱ्या हसऱ्या आजीबाई.

*

ज्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्याला शाल द्यावी.

*

आता हे तुकडे एका दोऱ्यात ओवायचे तर सुरुवात प्रतापपासून करावी लागते. कारण शर्ट त्याच्या गॅलरीत आहे, शिवण त्याच्या बायकोने, यामिनीने, उसवली आहे आणि तोंड त्याचंच पडलं आहे.

प्रताप टोकियोतल्या 'फुनाबोरी मावळे' या बेसबॉल टीमचा कॅप्टन आणि पिचर. टीममध्ये पुण्या-मुंबईहून आलेले सॉफ्टवेअरवाले, दोन-तीन बँकवाले, आणि एकच जपानी माणूस, तो म्हणजे कॅचर हिरोसे-सान. ते प्रतापच्याच इमारतीत राहतात. कुकर आणि कुकरची रिंग हा एकाच प्रकारचा कचरा नाही, हे सांगायला ते एकदा घरी आले, चहा घेऊन गेले, आणि पुढच्या रविवारी मैदानावर उभे राहिले. खरं तर मावळ्यांना क्रिकेट खेळायचं होतं. पण आराकावा नदीकाठच्या मैदानावर कातडी चेंडूला बंदी, बेसबॉलच्या रबरी चेंडूला परवानगी. बॅट गोल असली तरी चालेल, रविवार वाया जायला नको, असं म्हणून मंडळी बेसबॉलला लागली.

प्रताप पिचर झाला तो चार वर्षांपूर्वी. त्याआधी सात वर्षं तो राइट फील्डला उभा होता. राइट फील्ड म्हणजे या असल्या टीममध्ये जिथे चेंडू सहसा येत नाही अशी जागा. तिथे उभं राहून त्याने नदीतल्या वाळू वाहणाऱ्या बोटी पाहिल्या, बगळे पाहिले, पलीकडच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, आणि मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाची पाठ पाहिली. त्या पाठीवर अठरा लिहिलेलं असे. या देशात अठरा हा टीमच्या मुख्य पिचरचा नंबर, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि त्या उंचवट्याचं प्रतापला एवढं काय होतं, तेही सांगून टाकलेलं बरं. सोमवार ते शुक्रवार तो एका विमा कंपनीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या चुकांबद्दल माफी मागत असे. पुण्याच्या टीमची चूक झाली की टोकियोत कंबरेत वाकायचं काम त्याचं. मीटिंग दुसरे सुरू करत, दुसरे संपवत. पण रविवारी सकाळी तो उंचवट्यावर उभा राही, आणि त्याने चेंडू टाकल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. अंपायर, बॅटर, आठ मावळे, काठावरच्या बायका, सगळे त्याच्या हाताकडे बघत थांबलेले. तो बरा पिचर होता असं कुणी म्हणत नसे. पण त्याच्यासाठी सगळे थांबत, हे खोटं नव्हतं.

*

आता अंपायरचा हात.

अंबरीष देवस्थळी पुण्यात क्लब क्रिकेट खेळत. मध्यमगती गोलंदाज. चेंडू टाकताना त्यांचं कोपर वाकायचं. एका अंपायरने हात आडवा करून नो-बॉल दिला, मग दुसऱ्याने दिला, मग क्लबच्या सेक्रेटरीने चहाला बोलावून सांगितलं की देवस्थळी, हे फेकणं झालं, टाकणं नव्हे. क्रिकेट सुटलं. पुढे बँकेने टोकियोला पाठवलं, मावळ्यांच्या टीममध्ये ओढले गेले, आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की इथे फेकायचंच असतं. पुण्यात ज्या गुन्ह्यासाठी बाहेर काढलं, त्याच गुन्ह्याला फुनाबोरीत टाळ्या पडल्या. त्यांनी मावळ्यांना वॉर्डाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत नेलं. त्यानंतर मावळे तिथे कधी पोचले नाहीत. खरं सांगायचं तर पहिल्या फेरीच्या पुढेही पोचले नाहीत.

चार वर्षांपूर्वी बँकेने त्यांना पुण्याला परत बोलावलं. जाताना त्यांनी मैदानावरच शर्ट काढला आणि प्रतापला दिला. प्रतापने तो घरी आणून यामिनीकडून कुशीत आत घेऊन घेतला, कारण अंबरीषदादा रुंद होते.

आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, बँकेने त्यांना पुन्हा टोकियोला पाठवलं. ग्रुपवर मेसेज आला:

"मंडळी, शनिवारी पोचतोय. ग्लव्हला तेल लावलंय. रविवारी कुठे यायचं?"

खाली सतरा जणांचे जोडलेले हात. कुणी मैदानाचा पत्ता टाकला नाही.

*

मीटिंग स्टेशनजवळच्या हॉटेलात झाली, जिथे एकदा पैसे भरले की हवं तेवढं सूप आणि कॉफी घेता येते. मावळ्यांच्या सगळ्या मीटिंगा तिथेच होतात. विषयपत्रिका असते, सूचक असतो, अनुमोदक असतो.

"विषय एकच," प्रताप म्हणाला. "दादांना परत घ्यायचं का. मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही."

"मग संपलं," यामिनी म्हणाली. ती टीमची स्कोअरर. "ज्याला म्हणायचं नाही त्याने म्हणू नये. पुढचा विषय."

"कॅप्टन म्हणून म्हणायचंय."

"मग ते म्हण."

"टीमने आता पुढचा विचार करायला हवा. तरुणांना संधी मिळायला हवी."

सगळ्यांनी टेबलाभोवती तरुण शोधला. त्यातल्या त्यात उल्हास निघाला. छत्तीस वर्षांचा, कंबरेला पट्टा. तो म्हणाला, "मला नको संधी. मला दादा पाहिजेत. मी इथे आलो तेव्हा ट्रेनचा पास कसा काढायचा ते त्यांनी दाखवलं."

"म्हणून त्यांना पिचर करायचं?"

"मग काय स्टेशनमास्तर करायचं?"

"उल्हास, चौपन्न वय आहे त्यांचं."

"आणि तुझा कर्व्ह बॉल सरळ जातो. म्हणजे वय नसताना."

प्रतापने कॉफीत साखर घातली, मग आठवलं की घातलेली आहे. तेवढ्यात सुशीलने घसा साफ केला. सुशील सेकंड बेसवर खेळतो, आणि ऑफिसातही दोन माणसांच्या मधेच उभा असतो.

"नाही म्हणायचंच कशाला?" तो म्हणाला. "सत्कार करू या. शाल, श्रीफळ, मानपत्र. माझे मामा पाटबंधारे खात्यात होते. रिटायर झाले तरी रोज ऑफिसात जाऊन बसायचे, कारकुनांना सल्ले द्यायचे. शेवटी खात्याने मोठ्ठा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी गेले तर वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे? सत्कार झाला की माणूस फोटोत जातो."

"आणि त्यांना वाईट वाटलं तर?"

"शाल अंगावर घेऊन कुणाला वाईट वाटतं?"

प्रतापच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्याने स्वतः उठून सगळ्यांसाठी सूप आणलं. मग त्याने हिरोसे-सान यांना विचारलं, की तुमच्याकडे जुन्या खेळाडूला निरोप कसा देतात.

हिरोसे-सान यांनी वाटी बाजूला ठेवली आणि समजावून सांगितलं. पिचर निवृत्त होतो तेव्हा तो शेवटचा एक बॅटर खेळवतो. त्या बॅटरने तिन्ही चेंडूंना बॅट फिरवायची आणि तिन्ही हुकवायचे. पिचरला वाकून नमस्कार करायचा. मग फुलं, आणि मग सगळ्यांनी मिळून पिचरला हवेत उडवून झेलायचं.

"मुद्दाम हुकवायचे?" उल्हास म्हणाला.

"मुद्दाम. पण पूर्ण जोर लावून. खोटं दिसलं तर अपमान."

"आणि कुणी मारलाच तर?"

हिरोसे-सान यांनी असं बघितलं, जणू कुणी विचारलं होतं की सुतकात लाडू वाटले तर काय होईल.

ठराव पास झाला. सामना बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या टीमशी होता. त्यांचा तगडा बॅटर मुराकोशी-सान, ज्यांचं तोफूचं दुकान आहे. ते सकाळी तोफूचे ठोकळे उचलतात आणि रविवारी चेंडू नदीत घालतात. त्यांना हिरोसे-सान कळवणार.

शेवटी प्रतापने हिरोसे-सान यांना हळूच विचारलं, "दादांना परत घेतलं असतं तर टीम सुधारली असती, असं वाटतं तुम्हाला?"

तेव्हा ते म्हणाले, "मुझुकाशीई." अवघड आहे. हा शब्द या देशात प्रश्नाचं उत्तर म्हणूनही चालतो आणि उत्तर द्यायचं नाही म्हणूनही.

*

दादांना कोण सांगणार? (तीन फोन आणि एक स्वयंपाकघर)

प्रताप, सुशीलला: "सत्काराची कल्पना तुझी. निरोपाचा आहे, हे तूच सांग."

सुशील, उल्हासला: "तुझं दादांवर प्रेम आहे. प्रेमाच्या माणसाने सांगितलेलं लागत नाही."

उल्हास, यामिनीला: "वहिनी, माझ्याने नाही होणार. बाईमाणसाने गोडीत सांगितलं तर कसं?"

यामिनी, शिवण उसवता उसवता, प्रतापला: "कॅप्टन कोण आहे?"

"मी."

"मग?"

"दादा मोठे आहेत गं. तोंडावर कसं सांगायचं?"

"पाठीवर सांग. दिसेल असं लिहिलेलं आहेच तिथे काहीतरी," यामिनी म्हणाली आणि शर्ट त्याच्या अंगावर फेकला. "धू आणि वाळत घाल. त्यांना निरोपाला तरी मापाचा शर्ट मिळू दे."

तर सांगितलं कुणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, पाटी लावल्यासारखं उघड आहे. शाल, फुलं, शेवटचा बॅटर. आता एवढ्यावरूनही कळणार नाही का माणसाला?

*

रविवार. ऊन स्वच्छ, वारा नदीवरून. निशी-कासाईच्या भारतीय दुकानात नारळ फक्त किसलेला, गोठवलेला मिळाला. तो ताटात ठेवून हातात देता येत नाही. यामिनीने अननस आणला. "दोघांनाही शेंडी असते," ती म्हणाली. "कुणी सोलायला बसू नका म्हणजे झालं."

अंबरीषदादा आले. केस पांढरे, पोट पुढे, गुडघ्याला काळा पट्टा, काखेत तेल लावलेला ग्लव्ह. मावळे दोन रांगांत उभे. पलीकडे दुकानदारांची आठच जणांची टीम टोप्या काढून उभी. यामिनीने कुंकू लावलं. दादांना अठरा नंबरचा शर्ट घातला. तो बरोबर बसला. प्रताप आपल्या जुन्या, राइट फील्डच्या दिवसांतल्या सत्तावीस नंबरच्या शर्टात बाजूला उभा होता. त्याचं म्हणणं, सत्कार झाला की बदलतो.

सुशीलने मानपत्र वाचलं:

"श्रीयुत अंबरीष देवस्थळी यांस. आपण आपल्या उजव्या हाताने या टीमची जी सेवा केली, ती मावळे कदापि विसरणार नाहीत. धरणाच्या भिंतीप्रमाणे आपण अभेद्य राहिलात. कालव्यांच्या दुरुस्तीतील आपले कार्य..." इथे सुशील अडखळला आणि एक ओळ गाळून पुढे गेला. "...आपल्या अनुभवाचा लाभ आम्हांस यापुढेही मिळत राहो. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."

शाल. अननस. टाळ्या.

दादांनी डोळे पुसले. शालीनेच पुसले. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "तुम्ही कुरकुर कराल. म्हणाल, म्हातारा झाला, कशाला परत. ग्रुपवर कुणी पत्ता टाकेना, तेव्हा मनात पालही चुकचुकली. आणि तुम्ही हे... एवढ्या मानाने बोलावलंत. आता मी नाही कसं म्हणणार? आलो मी."

उल्हासने जोरात टाळ्या वाजवल्या. सुशीलने त्याच्या पायावर पाय दिला. दादांनी शाल आणि अननस यामिनीकडे दिलं आणि उंचवट्यावर जाऊन उभे राहिले.

"काही हरकत नाही," सुशील प्रतापच्या कानात म्हणाला. "एक बॅटर. मग उचलू आणि उडवू. उडवल्यावर कळेलच."

मुराकोशी-सान आले. पहिला चेंडू संथ, छातीच्या उंचीवर, दुकानात तोफू ठेवावा तसा समोर आला. मुराकोशी-सान यांनी अशी बॅट फिरवली की टोपी उडाली. हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला ते स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसले. आउट. उठून कंबरेत वाकले. टाळ्या. मावळे दादांना उडवायला धावत निघाले.

दादांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बॅटरच्या दिशेने म्हणाले, "पुढचा."

*

समारंभ संपला की नाही, हे या देशात कुणी विचारत नाही. समोरचा थांबेपर्यंत आपण थांबायचं. दुकानदारांच्या टीमने एकमेकांकडे बघितलं, पिचर अजून उभा आहे हे बघितलं, आणि पुढचा बॅटर पाठवला. त्यानेही तीन हुकवले आणि नमस्कार केला. तिसरा न्हावी होता. त्याने इतक्या मनापासून हुकवलं की बॅट हातातून सुटून त्याच्याच टीमच्या पिशव्यांवर पडली.

प्रताप राइट फील्डला उभा होता. कुणी जायला सांगितलं नव्हतं. पिचर दुसरा आहे म्हटल्यावर पाय आपोआप तिकडे गेले. नदीतून वाळूची बोट चालली होती. ती त्याला ओळखीची वाटली.

मावळ्यांची बॅटिंग नेहमीसारखी लवकर आटोपली. दुसऱ्या इनिंगला दादा परत उंचवट्यावर. आता टीममध्ये दोन पक्ष पडले, कारण क्षेत्ररक्षणाला जाता जाताही मावळे वाद घालू शकतात.

"काय टाकतायत दादा," उल्हास म्हणाला. "चार वर्षांत धार वाढलीय."

"अरे, ते मुद्दाम हुकवतायत," सुशील म्हणाला.

"मुद्दाम इतकं वाईट कुणी हुकवतं का?"

"मी काय लिहू ते सांगा," यामिनी बाकावरून म्हणाली. "आउट लिहू की सभ्यपणा लिहू?"

आणखी तीन हुकले. सहाच्या सहा आउट. दुसरी इनिंग संपली, मावळ्यांची बॅटिंगही संपली, आणि तिसऱ्या इनिंगला दादा पुन्हा त्याच जागी चालत गेले, लंगडत, पण राजासारखे. प्रतापने इकडेतिकडे पाहिलं. सुशील बुटाची नाडी बांधत होता, जी सुटलेली नव्हती. उल्हास देवळात उभा असल्यासारखा. हिरोसे-सान जाळीच्या मुखवट्याआड, म्हणजे दिसतच नव्हते. आणि प्रतापला एकदम स्पष्ट कळलं, की आज कुणी बोललं नाही तर पुढच्या रविवारीही बोलणार नाही. दुकानदार पुढच्या रविवारीही हुकवतील. तो साठ वर्षांचा होईल, आणि राइट फील्डला उभा राहून बोटी बघत असेल.

तो चालू लागला.

राइट फील्डपासून उंचवट्यापर्यंत खूप लांब असतं. शिवाय सगळे बघत होते. त्याच्यासाठी सगळे थांबले होते, पण त्यात आज मजा नव्हती.

"दादा."

"बोल."

"दादा, ते..." त्याने घसा साफ केला. ऑफिसातली सवय, कंबर आपोआप वाकायला लागली. ती त्याने सरळ केली. "सत्कार निरोपाचा होता. परत यायचा नव्हता. ते लोक मुद्दाम हुकवतायत. आणि पिचर मी आहे."

दादा चेंडू हातात फिरवत राहिले. शिवणीवर बोटं फिरवून पाहिली, मग दुसऱ्या बाजूने पाहिली.

"तेरा वर्षं काढलीत मी या देशात," ते म्हणाले. "सभ्यपणे फिरवलेली बॅट मला कळत नाही?"

"मग?"

"पहिल्याच चेंडूला कळलं. तो तोफूवाला टोपी उडवून हुकवतो? माझ्या या चेंडूला? पुण्यात पोरंसुद्धा मारतील हा."

"मग थांबला का नाहीत?"

"आवडत होतं." त्यांनी खांदे उडवले. "पुण्यात खऱ्या चेंडूला हात आडवा केला. इथे खोट्या चेंडूला नमस्कार करतायत. तू असतास तर थांबला असतास?"

प्रताप नदीतल्या बोटीकडे बघायला लागला.

"आणि दुसरं म्हणजे," दादा म्हणाले, "बघत होतो, तुमच्यातला कोण येऊन सांगतो. दोन इनिंग लावल्यास. आणि काय रे, धरणाची भिंत? कालवे?"

"सुशीलच्या मामांचं मानपत्र आहे."

"मामा सुधारले का?"

"घरी बसले."

"मी घरी बसायला टोकियोला आलो नाही." त्यांनी बटणं सोडायला सुरुवात केली. "पिचर तू. ठीक. पण मी टीममध्ये आहे. शाल दिलीत, आता परत घेता येणार नाही. राइट फील्डला जातो. तिथे चेंडू येत नाही, गुडघ्याला बरं."

"दादा, तिथे फार कंटाळा येतो."

"सात वर्षं तू उभा होतास तेव्हा कधी बोलला नाहीस ते."

"तुम्हाला तोंडावर कसं सांगणार?"

दादा हसले. पोट हललं. त्यांनी शर्ट काढून त्याच्या हातात दिला. प्रतापने सत्तावीस काढून अठरा घातला. शिवण उसवलेला शर्ट त्याच्या अंगावर शिडासारखा फडफडायला लागला. सत्तावीस दादांच्या खांद्यातून खाली येईना, म्हणून त्यांनी तो परत दिला, बनियनवरच बाकाकडे गेले, यामिनीकडून शाल मागून घेतली, अंगावर लपेटली, आणि राइट फील्डला जाऊन उभे राहिले. जाता जाता म्हणाले, "अननस कुणी कापला तर माझा वाटा ठेवा. सत्कारमूर्ती आहे मी."

*

प्रताप उंचवट्यावर उभा राहिला. सगळे थांबले. अंपायर, बॅटर, आठ मावळे, त्यातला एक शालीत. नदीवरचा वारा शर्टात शिरून पाठीवरचे आकडे फुगले.

त्याने पहिला चेंडू टाकला. कर्व्ह. बॅटरने जोरात बॅट फिरवली आणि हुकला.

वळला का चेंडू? थोडासा वळला. नाही? वळलाच असणार. दुसरा टाकला. हुकला. तिसरा टाकला. बॅटर गुडघ्यावर आला. आउट. बॅटर उठला, आणि कंबरेत वाकून त्याने नमस्कार केला.

पुढच्यानेही हुकवले. त्यानेही नमस्कार केला. मग मुराकोशी-सान आले. त्यांनी टोपी आधीच काढून बाजूला ठेवली होती.

तीन चेंडू. तीन हुकले. गिरकी. नमस्कार. दुकानदारांच्या बाकावरून एकजण फुलांचा गुच्छ घेऊन उभा राहिला.

राइट फील्डवरून शाल हलवत दादा ओरडले, "प्रताप, तुझाही सत्कार चाललाय रे."

मावळे हसायला लागले. उल्हास हसत हसत खाली बसला. प्रताप हिरोसे-सान यांच्याकडे चालत गेला. त्यांनी मुखवटा वर केला. त्यांचा चेहरा घामाने भिजलेला आणि अतिशय गंभीर होता.

"हिरोसे-सान, खरं सांगा. माझा चेंडू वळला, की ते हुकवतायत?"

हिरोसे-सान यांनी चेंडूकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, मग शालीतल्या राइट फील्डरकडे पाहिलं.

"मुझुकाशीई," ते म्हणाले.

प्रतापने चेंडू हातात घेतला आणि बाकाकडे निघाला. यामिनी मांडीवर कागद घेऊन त्याच्याकडे बघत होती.

"काय लिहू?"

"आउट लिही," तो म्हणाला. "पेन्सिलने."

शनिवारी संध्याकाळी तोफूच्या दुकानात जाऊन हिरोसे-सान यांनी निवृत्त होणाऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं, कारण देवस्थळी त्यांना उच्चारता येत नाही. त्यांनी सांगितलं होतं, अठरा नंबर.